घाट चढण्याआधी घाट बघा: स्नोक्वाल्मी पासचे कॅमेरे कसे वाचायचे

आई-बाबा साताऱ्याहून पहिल्यांदा आमच्याकडे सिएटलला आले तो डिसेंबर होता. लेव्हनवर्थ गावातली नाताळची रोषणाई त्यांना दाखवायची म्हणून शनिवारी सकाळी आम्ही निघालो. निघण्याआधी मी फोनवर वाटेतल्या स्नोक्वाल्मी घाटाच्या माथ्यावरचा, रस्ता दाखवणारा कॅमेरा उघडला. रस्ता काळा, ओला, गाड्या धावताहेत. "रस्ता साफ आहे," असं सांगून मी गाडी काढली. माथा खरंच साफ होता. पण माथा ओलांडून पंधरा मैल पुढे, ईस्टनच्या उतारावर एक ट्रक आडवा झाला होता आणि त्याच्या मागचा सगळा रस्ता काचेसारखा गुळगुळीत झाला होता. साडेतीन तास आम्ही एका जागी उभे होतो. आईची रक्तदाबाची गोळी डिकीतल्या बॅगेत, बाहेर पाय टेकवावा तर घसरतो, आणि खायला म्हणून डब्यात चार लाडू.

ईस्टनला कॅमेरा आहे. त्या सकाळी तो चालूही होता. मी तो उघडलाच नव्हता.

त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात मी हे कॅमेरे नीट वाचायला शिकत गेले. इकडे नव्याने आलेल्या मैत्रिणी दर नोव्हेंबरात विचारतात, म्हणून आज सगळं एकदा सविस्तर लिहिते. एक गोष्ट आधीच सांगते: एका कॅमेऱ्याचा फोटो म्हणजे रस्ता नव्हे. घाटाच्या अलीकडचे, माथ्यावरचे आणि पलीकडचे कॅमेरे एका ओळीत बघायचे, त्याला तापमानाची आणि लेखी सूचनेची जोड द्यायची, तेव्हा कुठे घाटाची कल्पना येते.

कॅमेरे कोणाचे, दिसतात कुठे

वॉशिंग्टन राज्याच्या वाहतूक खात्याला इथे सगळे ‘वॉशडॉट’ म्हणतात. त्यांच्या संकेतस्थळावर प्रवासाचा नकाशा आहे. त्यावरच्या कॅमेऱ्याच्या खुणेवर बोट ठेवलं की त्या ठिकाणचा फोटो उघडतो. प्रत्येक घाटासाठी वेगळं पानही आहे. तिथे तापमान, हवामान, रस्त्याची स्थिती आणि दोन्ही दिशांचे निर्बंध एकत्र मिळतात, आणि खाली त्या घाटाचे कॅमेरे ओळीने लावलेले असतात. मोफत ॲपमध्येही हेच आहे.

‘लाइव्ह’ या शब्दाने एक गैरसमज होतो. घाटातल्या कॅमेऱ्यांवर आपल्याला सलग व्हिडिओ दिसत नाही. दर काही मिनिटांनी बदलणारे स्थिर फोटो दिसतात. खातं हे चित्रण साठवून ठेवत नाही, त्यामुळे ‘काल रात्री काय होतं’ हे नंतर बघता येत नाही. मी स्वतः फोटो फोनवर जतन करते. सकाळी सहाचा आणि आठचा फोटो शेजारी ठेवले की पाऊस वाढतोय की ओसरतोय ते लगेच कळतं. एका फोटोत ते कधीच दिसणार नाही.

पायरी पहिली: मैलाचे दगड पाठ करा

आय-९० महामार्ग सिएटलला सुरू होतो आणि मैल तिथून पूर्वेकडे मोजले जातात. एक्झिटचे क्रमांकही त्याच मैलांवरून दिलेले आहेत. ५२ क्रमांकाचा एक्झिट म्हणजे साधारण बावन्नावा मैल, तोच घाटमाथा. कॅमेऱ्यांच्या नावांपुढेही मैल लिहिलेला असतो. हे एकदा डोक्यात बसलं की नकाशा न उघडताही कोणता फोटो कुठला ते समजतं.

माझी स्वतःची उजळणी अशी आहे. ३१ आणि ३४ म्हणजे नॉर्थ बेंड: पेट्रोल, स्वच्छतागृह, आणि परत फिरायची शेवटची सोयीची जागा. ४७ च्या आसपास डेनी क्रीक, इथून खरी चढण. दोन्ही दिशांचे रस्ते इथे एकमेकांपासून दूर जातात, त्यामुळे एका दिशेच्या फोटोवरून दुसरीचा अंदाज बांधू नये. ५२ माथा. ५४-५५ हायॅक, माथ्याची पूर्वेकडची बाजू. तिथून रस्ता किचीलस तलावाच्या काठाने जातो. ६२ ला स्टॅम्पीड पासचा फाटा. त्यानंतर ईस्टन हिलचा उतार आणि ७० ला ईस्टन. ८४-८५ क्ली एलम. १०६ आणि १०९ ला एलेन्सबर्ग.

यातले डेनी क्रीक, माथा, हायॅक, ईस्टन हिल आणि ईस्टन हे पाच कॅमेरे ॲपमध्ये आवडत्या यादीत टाकून ठेवा. नॉर्थ बेंडचाही टाका, त्याचा उपयोग पुढे सांगते. एकदा दहा मिनिटं गेली, की पुढचे सगळे हिवाळे ही यादी एका बोटावर उघडते.

पायरी दुसरी: आधी घड्याळ बघा, मग रस्ता

फोटो उघडल्यावर नजर आधी त्यावरच्या तारीख-वेळेवर जाऊ द्या. कॅमेऱ्याची जोडणी तुटली की शेवटचा फोटो तसाच राहतो, आणि बर्फवृष्टीतच जोडण्या जास्त तुटतात. मला एकदा हायॅकला लख्ख ऊन दिसलं. आनंदाने बघत बसले, मग लक्षात आलं की बाहेर अंधार पडून तास झाला होता. डिसेंबरात सिएटलकडे साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा ही चूक पकडणं सोपं. भर दुपारी पकडणं अवघड. वेळ दिसत नसेल तर पान ताजं करा, दहा मिनिटांनी पुन्हा उघडा आणि गाड्या बदलल्या का ते बघा. त्याच गाड्या त्याच जागी असतील तर एक तर फोटो अडकलाय, नाही तर वाहतूक. शेजारचा कॅमेरा उघडला की दोन्हींपैकी काय ते कळतं.

दुसरी गोष्ट दिशेची. कॅमेरे फिरवता येतात. काल पूर्वेकडे बघणारा कॅमेरा आज पश्चिमेकडे बघत असेल. भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाचा इथे हमखास घोटाळा होतो, कारण आपल्या डोळ्यांना डावीकडून चालणाऱ्या गाड्यांची सवय. इथे गाडी उजवीकडून चालते. फोटोत उजव्या हाताच्या रस्त्यावर गाड्यांचे लाल मागचे दिवे दिसतील, त्या कॅमेऱ्यापासून दूर जाताहेत. डावीकडे पांढरे दिवे, त्या आपल्या अंगावर येताहेत. कॅमेरा पूर्वेकडे बघत असेल तर उजवीकडचा रस्ता लेव्हनवर्थला जाणाऱ्यांचा. आपल्याला जायचं त्या बाजूचाच रस्ता बघा.

पायरी तिसरी: रस्त्याचा रंग आणि पांढऱ्या रेघा

सगळ्यात आधी मी रस्त्यावर आखलेल्या पांढऱ्या रेघा शोधते. त्या स्पष्ट दिसत असतील तर रस्ता उघडा आहे. अधूनमधून पुसलेल्या दिसत असतील तर चिखलबर्फ, म्हणजे अर्धवट वितळलेला बर्फ, साचतोय. अजिबात दिसत नसतील तर बर्फाने रस्ता झाकलाय, मग वर गाड्या कितीही वेगात जाताना दिसोत. चाकांच्या दोन काळ्या पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये पांढरी रांग अशी खूण असेल, तर त्या पट्ट्यांत राहून चालवता येतं, पण लेन बदलताना गाडी ओढली जाते. नवख्यांचा तोल बहुतेक वेळा तिथेच जातो.

रंगाने मात्र फसायला होतं. काळा आणि चमकणारा रस्ता ओला असू शकतो आणि गोठलेलाही. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. माझी ईस्टनची चूक याच जातीची होती, फक्त मी चुकीच्या जागेचा फोटो बघितला एवढी त्यात भर. ओला आहे की गोठलेला हे फोटो सांगणार नाही, तापमान सांगेल. ते पुढच्या पायरीत.

गाड्यांच्या मागे उडणारं पाणीही बघा. ट्रकच्या चाकांमागे तुषारांचा पांढरा पडदा असेल तर रस्त्यावर पाणी पाण्याच्याच रूपात आहे, ही त्यातल्या त्यात चांगली खूण. रस्ता चमकतोय पण तुषार अजिबात उडत नाहीत आणि तापमान गोठणबिंदूजवळ आहे, असं दिसलं तर मी निघत नाही.

रात्रीच्या फोटोत रस्ता नीट दिसत नाही. दिव्यांचे फटकारे दिसतात, भिंगावर थेंब असले तर सगळंच विस्कटतं. तेव्हा कडेच्या दिव्याच्या झोताकडे बघा. त्यात तिरप्या पांढऱ्या रेघा असतील तर बर्फ पडतोय. झाडांच्या फांद्या पांढऱ्या असतील तर नुकताच पडून गेलाय. भिंगच पूर्ण पांढरं झालं असेल तर वाऱ्यासकट बर्फ कॅमेऱ्यावर आदळतोय, आणि हीच त्या फोटोतली माहिती. अशा वेळी ‘कॅमेरा खराब आहे’ म्हणून पुढच्याकडे वळू नका.

गाड्यांची संख्याही बोलते. लाल दिव्यांची न हलणारी रांग म्हणजे पुढे काहीतरी अडलंय, हे कुणालाही कळतं. पण रिकामा रस्ता जास्त धोक्याची सूचना देतो. शनिवारी सकाळी नऊला स्की करणाऱ्यांनी घाट भरलेला असतो. त्या वेळी डेनी क्रीकला एकही गाडी दिसत नसेल तर रस्ता मोकळा आहे असं समजू नका, खाली कुठेतरी गाड्या अडवल्या असण्याची शक्यता जास्त. इथे नॉर्थ बेंडचा कॅमेरा कामाला येतो: तिथे रांग, वर शुकशुकाट, म्हणजे घाट बंद. बर्फात पकड मिळावी म्हणून चाकांना साखळ्या बांधतात, त्या बांधायच्या जागांवर ट्रकच्या ट्रक उभे दिसले तर अवजड वाहनांना साखळीची सक्ती झालेली असते आणि लहान गाड्यांची पाळी फार दूर नसते.

पायरी चौथी: तापमान, आणि पूर्वेचा वारा

इथे आकडे फॅरनहाइटमध्ये असतात. ३२ अंशांना पाणी गोठतं. २८ ते ३४ हा पट्टा मला सगळ्यात नकोसा वाटतो. हवेचं तापमान ३४ दिसलं तरी पुलाचा पृष्ठभाग त्याहून थंड असू शकतो, आणि उघडा पूल आधी गोठतो. विशीच्या आतलं तापमान आणि कोरडा, दाबलेला बर्फ असेल तर टायरला त्यातल्या त्यात पकड तरी मिळते. गोठणबिंदूवर वितळून पुन्हा गोठणारा पातळ थर मात्र कुठलीच पकड देत नाही.

बाबांनी उंची विचारली होती. स्नोक्वाल्मीचा माथा ३,०२२ फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही कमी. "एवढ्याशा घाटाला एवढं काय?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण हा घाट ४७ अक्षांशाच्या वर आहे आणि कॅस्केड पर्वतरांगेतली ही एक ठेंगणी खिंड आहे. हिवाळ्यात पर्वताच्या पूर्वेला, कोलंबिया नदीच्या खोऱ्यात जड, थंड हवा साचून राहते. प्रशांत महासागरावरून वादळ जवळ आलं की पश्चिमेकडचा दाब कमी होतो आणि ती साचलेली थंड हवा मिळेल त्या फटीतून पश्चिमेकडे वाहू लागते. स्नोक्वाल्मी ही तशीच एक फट. जमिनीलगत असा गोठवणारा पूर्वेचा वारा आणि वर समुद्रावरून आलेली उबदार, दमट हवा, असा दुपदरी प्रकार तयार होतो. वरून पाऊस पडतो आणि रस्त्याला टेकताच गोठतो.

म्हणूनच आमच्या त्या दिवशी माथा ओला होता आणि त्याहून खाली असलेलं ईस्टन काचेसारखं गोठलेलं. ‘घाट उतरलो की थंडी कमी’ हे सह्याद्रीतलं गणित इथे पूर्वेच्या बाजूला चालत नाही. पुढे वारा फिरून पश्चिमेचा झाला की तापमान तासाभरातही झपकन वर चढतं आणि बर्फाऐवजी पाऊस पडू लागतो. त्यामुळे तापमान बघताना वाऱ्याची दिशाही बघा. पूर्वेचा वारा आणि पावसाचा अंदाज एकत्र दिसला की मी सहल पुढे ढकलते, कॅमेरे काहीही दाखवोत.

तासातासाचं तापमान आणि वारा बघायला नॉर्थवेस्ट ॲव्हलांच सेंटरची हवामान केंद्रं उपयोगी पडतात. हिमस्खलनाचा अंदाज देणारी ही संस्था स्नोक्वाल्मी पासच्या केंद्राचे आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवते. राष्ट्रीय हवामान सेवेच्या अंदाजात ‘स्नो लेव्हल’ दिलेली असते, म्हणजे किती फुटांच्या वर पाऊस बर्फ होऊन पडेल. ती ३,००० च्या आसपास असेल तर स्नोक्वाल्मी कोणत्याही बाजूला कलू शकतो. ५,००० असेल आणि वारा पश्चिमेचा असेल तर बहुतेक नुसता पाऊस.

पायरी पाचवी: लेखी सूचनेतले शब्द

फोटो बघून झाले की घाटाच्या पानावरची सूचना वाचा, आणि ती किती वाजता अद्ययावत केली तेही बघा. शब्द ठरावीक आहेत. ‘बेअर अँड वेट’ म्हणजे उघडा आणि ओला. ‘स्लश’ म्हणजे चिखलबर्फ. ‘कॉम्पॅक्ट स्नो अँड आइस’ म्हणजे चाकांखाली दबून टणक झालेला बर्फ. ‘इन प्लेसेस’ असं पुढे जोडलेलं असेल तर मी जास्त सावध होते, कारण सगळीकडे सारखा असलेला रस्ता हाताला कळतो, अधूनमधून बदलणारा फसवतो.

मग निर्बंध. ‘ट्रॅक्शन टायर्स ॲडव्हाइज्ड’ हा सल्ला. ‘रिक्वायर्ड’ झालं की सक्ती. ट्रॅक्शन टायर म्हणजे ज्याच्या बाजूवर ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरं, ‘ऑल सीझन’ असे शब्द किंवा डोंगरात हिमकण असं चिन्ह आहे आणि ज्याच्या खाचा निदान एक अष्टमांश इंच खोल आहेत असा टायर. आत्ता खाली पार्किंगमध्ये जाऊन आपल्या गाडीचा टायर बघून या, ही विनंती. त्यापुढची पायरी ‘चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या सोडून सर्वांना साखळ्या’. आपली गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह असली तरी साखळ्यांचा एक जोड गाडीत असावाच लागतो. फक्त बांधायची सक्ती नसते. शेवटची पायरी ‘सर्वांना, अपवाद नाही’. साखळीची सक्ती मोडली तर ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

साखळ्या विकत घेऊन डिकीत टाकल्या म्हणजे झालं नाही. घराच्या अंगणात, कोरड्यात, उजेडात दोनदा बांधून बघा. आमच्याकडे हे काम नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं आणि मुलगा वेळ मोजतो.

वेळापत्रक: कधी काय बघायचं

दोन दिवस आधी कॅमेरे बघून काही उपयोग नाही, तेव्हा अंदाज बघा: स्नो लेव्हल, वारा, वादळ कधी पोचणार. आदल्या संध्याकाळी कॅमेरे पहिल्यांदा उघडा, तेही अंधार पडण्याआधी. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढिगारे किती आहेत ते दिवसाच दिसतं. उद्या ऊन पडलं तर तेच ढिगारे वितळून पाणी रस्त्यावर येणार आणि रात्री गोठणार.

निघायच्या दिवशी उठल्या-उठल्या पाचही कॅमेरे क्रमाने बघून फोटो जतन करा. निघायच्या आधी वीस मिनिटं पुन्हा. आमच्या पूर्वेकडच्या उपनगरांतून माथ्यापर्यंत साधारण तास लागतो, म्हणजे तुम्ही बघता तो फोटो तुम्ही पोचेपर्यंत तासभर जुना झालेला असतो. म्हणून ‘आत्ता कसं आहे’ यापेक्षा ‘कुठल्या दिशेने बदलतंय’ हे बघा. दोन फोटोंत रेघा पुसट होत चालल्या असतील तर तासाभराने त्या नसतील.

मग नॉर्थ बेंड. इथे थांबायचंच, मुलांना भूक लागलेली नसली तरी. चहा घ्या, कॅमेरे बघा, सूचना वाचा आणि ठरवा. यापुढे चढण लागली की वळायच्या जागा कमी होतात, आणि मागे ट्रकची रांग असताना मनही वळत नाही.

एकदा गाडी हलली की फोन चालवणाऱ्याच्या हातात नको. वॉशिंग्टनमध्ये २०१७ पासून कायदा आहे: सिग्नलला थांबलेले असतानाही फोन हातात धरता येत नाही. कायदा आला तेव्हा पहिला दंड १३६ डॉलर होता. आमच्याकडे नवरा शेजारी बसून कॅमेरे वाचतो आणि मला फक्त मैल आणि स्थिती सांगतो: "पंचावन्न, रेघा दिसताहेत. सदुसष्ट, रांग नाही." एकट्या असाल तर एक्झिट घेऊन थांबा.

लेव्हनवर्थला जायचे दोन रस्ते

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. एक रस्ता यूएस-२, स्टीव्हन्स पासवरून. दुसरा आय-९० ने स्नोक्वाल्मी ओलांडून, क्ली एलमजवळ ८५ च्या एक्झिटला उतरून, ब्लूएट पासवरून. लोक दुसऱ्या रस्त्याला सोपा समजतात कारण आय-९० रुंद आहे आणि तिथे बर्फ काढणारी यंत्रं सतत फिरतात. पण ब्लूएटची उंची ४,१०२ फूट, स्टीव्हन्सची ४,०६१. म्हणजे स्नोक्वाल्मीचे पाचही कॅमेरे हिरवा कंदील दाखवत असले तरी त्याहून हजार फूट उंच असा दुसरा घाट बाकीच असतो, आणि तिथे वर्दळ कमी, रस्ता अरुंद. ब्लूएटचं पान वेगळं उघडा.

स्टीव्हन्सच्या बाजूला स्कायकोमिश, माथा आणि पलीकडचं मेरिट असे कॅमेरे क्रमाने बघते. लेव्हनवर्थच्या अलीकडे टमवॉटर कॅन्यन ही अरुंद दरी लागते. हिमस्खलनाच्या भीतीने ती कधीकधी बंद ठेवतात, आणि माथ्याचा फोटो ते सांगत नाही. त्यासाठी लेखी सूचना हवीच.

एक रस्ता बंद झाला की फोनवरचा नकाशा लगेच दुसरा सुचवतो. त्याला वेळ कळतो, रस्त्याचा पृष्ठभाग कळत नाही. दुसऱ्या घाटावरही तेच वादळ असतं. जानेवारी २०२२ मध्ये स्नोक्वाल्मी, स्टीव्हन्स, ब्लूएट आणि व्हाइट हे चारही घाट एकाच वेळी बंद झाले होते. जंगलातला एखादा आडरस्ता नकाशा सुचवत असेल तर हिवाळ्यात तिकडे अजिबात वळू नका. तिथे ना बर्फ काढतात, ना कॅमेरे आहेत, ना फोनला रेंज.

बर्फ नसतानाही

उन्हाळ्यात हेच कॅमेरे धुरासाठी बघायचे. सप्टेंबर २०२२ मध्ये बोल्ट क्रीकच्या वणव्याने यूएस-२ बंद पडला होता. दूरचे डोंगर फोटोत दिसतात का, एवढं बघितलं तरी धुराचा अंदाज येतो. रविवारी संध्याकाळी पूर्वेकडून परतणाऱ्यांची रांग क्ली एलम-ईस्टनकडे लागते, तिथे जेवून उशिरा निघालेलं बरं. बोटीने जायचं असेल तर एडमंड्स, मकिल्टिओ, ॲनाकॉर्टिसच्या धक्क्यांवरचे कॅमेरे गाड्यांची रांग दाखवतात. व्हँकुव्हरला जाताना सीमेवरच्या नाक्यांची प्रतीक्षा वेळ याच नकाशावर मिळते, आणि सीमेपलीकडचे रस्ते ब्रिटिश कोलंबियाच्या ‘ड्राइव्हबीसी’ या संकेतस्थळावर.

कॅलिफोर्नियातल्या भावंडांसाठी: तुमच्याकडे कॅलट्रान्सचा, म्हणजे तिथल्या वाहतूक खात्याचा, ‘क्विकमॅप’ आहे. टाहोला जाताना आय-८० वरचा डॉनर समिट हा घाटमाथा ७,२३९ फुटांवर आहे आणि साखळ्यांचे नियम आर-१, आर-२, आर-३ असे चढत जातात. आर-३ म्हणजे कुणालाच सूट नाही, ऑल-व्हील ड्राइव्हलाही नाही. ऑरेगनसाठी ‘ट्रिपचेक’. फोटो वाचायची रीत सगळीकडे तीच: घड्याळ, दिशा, रेघा, तापमान, आणि एकाऐवजी पाच जागा.

गाडीत काय असावं

कॅमेरे कितीही नीट वाचले तरी तुमच्या पुढे दोन गाड्यांवर एखादा ट्रक घसरू शकतो. टाकी अर्ध्याच्या वर. विजेची गाडी असेल तर थंडीत पल्ला घटतो, तेव्हा घरून पूर्ण भरून निघा. माणशी एक गोधडी किंवा जाड पांघरूण, पाणी, टॉर्च, फोनची वेगळी बॅटरी, काच खरवडायचं खुरपणं. औषधं डिकीत नाहीत, पुढच्या कप्प्यात. खायला दशम्या, चिवडा, गुळपोळी, जे थंडही चालतं ते. थर्मासमध्ये चहा. अडकून इंजिन चालू ठेवावं लागलं तर मागचा धुराचा नळ बर्फाने बुजला नाही ना, हे उतरून बघा. तो बुजला तर विषारी वायू गाडीत येतो.

परतीचा कॅमेरा

जाताना सगळे कॅमेरे बघतात, येताना कुणी बघत नाही. दिवसभर फिरून पाय दुखत असतात, सोमवारची कामं डोक्यात असतात, आणि ‘सकाळी तर रस्ता चांगला होता’ असं वाटतं. सकाळी वितळलेलं पाणी संध्याकाळी पाचनंतर गोठायला लागतं. परतीला कॅमेरे उलट्या क्रमाने बघायचे: आधी ब्लूएट, मग ईस्टन, ईस्टन हिल, हायॅक, माथा, डेनी क्रीक. निर्णयाची जागा या वेळी नॉर्थ बेंड नसते, क्ली एलम असते. तिथे पेट्रोल पंप आहेत, राहायला मोटेल आहेत.

आई-बाबा दोन वर्षांनी पुन्हा आले तेव्हा आम्ही लेव्हनवर्थला परत गेलो. येताना क्ली एलमला थांबलो, नवऱ्याने कॅमेरे उघडले. हायॅकच्या रेघा सहा वाजता दिसत होत्या, साडेसहाला नव्हत्या. तापमान ३१, वारा पूर्वेचा. बाबा मागच्या सीटवरून वाकून तो फोटो बराच वेळ बघत होते. म्हणाले, "हे आपल्या खंबाटकीला का नाही गं?" मग आईकडे वळून, "राहू या इथेच आज." खोली मिळाली, दशम्या होत्याच. सकाळी दहाला पाचही कॅमेऱ्यांत रेघा दिसल्या, तेव्हा निघालो.